कासरा धरलेल्या हातामागचा माणूस

(इंदूरमधील मराठी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस, स्मरणिका आणि दिनदर्शिका काढणाऱ्या समित्यांस, आणि जुने अल्बम ज्यांच्या कपाटात आहेत त्या सर्व घरांस)

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आपल्या मंडळांत स्मरणिकेची लगबग सुरू होते. जाहिराती गोळा करायच्या, लेख मागवायचे, आणि कुणाकडे जुने फोटो आहेत का म्हणून फोन फिरवायचे. त्या फोनमुळे घराघरांतल्या ट्रंका उघडतात, अल्बम उजेडात येतात. मला त्याचा आनंदच आहे. पण यंदा फोन यायच्या आधीच मी हे पत्र लिहिते आहे. काही वर्षांपूर्वी असाच एक फोटो मी दिला होता, आणि तो छापून आला तेव्हा त्यातला एक माणूस नाहीसा झाला होता.

माझे आजोबा होळकर संस्थानात महसूल खात्यात कारकून होते. इंदूरजवळच्या सांवेरकडे त्यांची थोडी जमीन होती. तिथल्या घराच्या ओसरीपुढे काढलेला हा फोटो. मागे आजोबांच्या मोडी अक्षरात एवढेच लिहिलेले: ‘नवी जोडी. रु. १६५.’ तारीख नाही, पण फोटोत माझी आत्या दोन-अडीच वर्षांची दिसते, त्यावरून १९३४ किंवा ३५ साल धरायला हरकत नाही. आजोबा खुर्चीत बसलेले, डोक्यावर पगडी, गुडघ्याशी आत्या. त्यांच्या शेजारी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे केलेले दोन मालवी बैल, गळ्यात घुंगुरमाळा. आणि उजव्या बैलाला खेटून, चौकटीच्या अगदी कडेला, एक माणूस. त्याचा एक हात वेसणीपाशी, दुसरा वशिंडावर.

स्मरणिकेच्या पानाला उभा फोटो हवा होता म्हणून उजवी बाजू कापली गेली. आजोबा राहिले, आत्या राहिली, दोन्ही बैलांची तोंडे राहिली. उजव्या बैलाच्या नाकाशी मनगटापर्यंतचा एक हात राहिला. त्या हाताला पुढे कोणी नव्हते. खाली आजोबांचे नाव, हुद्दा आणि ‘बैलजोडीसह’.

त्या समितीतली माणसे वाईट नव्हती. पानात बसत नव्हते म्हणून कापले, आणि कापताना कुणालाही आपण काही कापतो आहोत असे वाटले नाही. मी स्वतः ते पान पाहून आधी आजोबांचाच चेहरा नीट आला की नाही ते पाहिले. हात माझ्या लक्षात आला तो रात्री, भिंग घेऊन पुन्हा बसले तेव्हा. मग मूळ फोटो काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची उजवी बाजू पाहिली.

तुम्हीही आपल्या घरचा असा एखादा फोटो काढा आणि भिंगाखाली धरा. माझ्या फोटोत डाव्या बैलाचे कान दिसतच नाहीत. कानांच्या जागी दोन धुरकट पंखे आहेत, कारण झडप उघडली त्या क्षणी तो माशा हाकलत होता. उजव्या बैलाचे मात्र कान स्वच्छ आले आहेत, डोळ्यावरचे केससुद्धा मोजता येतील इतके. दोघे एकाच उन्हात, एकाच कॅमेऱ्यासमोर उभे. फरक एवढाच की उजव्याच्या वशिंडावर एक हात आहे. आजोबा कॅमेऱ्याकडे पाहताहेत, आत्या कॅमेऱ्याकडे पाहते आहे, तो माणूस बैलाकडे पाहतो आहे. त्याचे ओठ किंचित उघडे आहेत. तो बैलाशी काहीतरी बोलत असावा.

म्हणजे हा फोटो दोघांनी काढला. एकाने काळ्या कापडाखाली डोके घातले, आणि दुसऱ्याने बैल उभा ठेवला. या दुसऱ्याला आपण कडेची जागा दिली, मग तीही काढून घेतली.

फोटोग्राफीच्या जुन्या काळात तर त्याच्यावाचून जनावराचा फोटो निघणेच कठीण होते. आपल्या भागात हे तंत्र फार लवकर आले. जेम्स वॉटरहाऊस नावाचा तोफखान्यातला एक तरुण इंग्रज अधिकारी डिसेंबर १८६१ मध्ये सरकारी हुकमाने मध्य भारतातल्या जमातींचे फोटो काढायला निघाला आणि सुमारे वर्षभर फिरला. तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत तंबूत नेऊन धुवायची. उशीर झाला तर काच वाया. उघडझाप काही सेकंदांची. माणसाला ‘हलू नको’ म्हणता येते. म्हशीला कोण सांगणार? सांगू शकतो तो तिचा माणूसच, आणि तोही शब्दांनी नाही, तर गळ्याखालची लोंबती पोळी खाजवून, मानेवर हात ठेवून, नेहमीचा आवाज काढून. घोड्यापाशी मोतद्दार, हत्तीपाशी माहूत, उंटापाशी रेबारी उभा दिसतो तो शोभेसाठी नव्हे. त्याच्याशिवाय चित्र हलले असते.

छायाचित्रकार राजा दीनदयाळ आपल्याच इंदूरात घडले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो आणि करायलाच हवा. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण, मग इंदूरात बांधकाम खात्यात नोकरी; आणि इथेच १८७० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला. तुकोजीराव होळकर दुसरे आणि मध्य भारतातले ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत ते फिरले आणि १८८६ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. नंतर ते हैदराबादच्या निजामाकडे गेले. त्यांच्या काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. त्यांच्याकडे देवळे आहेत, राजे आहेत, शिकारी आहेत, पलटणी आहेत. अशा जुन्या संग्रहांत घोड्याचे नाव कधीकधी लिहिलेले सापडते. लगाम धरणाऱ्याचे नाव शोधून पाहा.

आणि नावाऐवजी काय लिहीत असत? जात. वॉटरहाऊससारख्यांनी काढलेले फोटो ज्या मोठ्या सरकारी प्रकाशनात गेले, ते ‘द पीपल ऑफ इंडिया’, १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाले. त्यात हाडामांसाचा एकेक माणूस आपल्या जमातीचा नमुना म्हणून उभा केला आहे. साहेबाने हिंदुस्थानी माणसाला नमुना केले म्हणून आपण रागावतो, आणि रागावणे योग्यच आहे. पण आपले अल्बम उघडा. ‘आबासाहेब, बाळासाहेब, घोडा व नोकर.’ ‘मळ्यावर, गडी माणसांसह.’ आपल्याच आजोबा-पणजोबांचे अक्षर आहे हे. साहेबाला निदान त्याचे नाव विचारायला दुभाषा लागला असता. आपल्या माणसांना ते नाव रोज हाक मारून ठाऊक होते.

माझ्या बाबतीत तर ते लिहूनही ठेवलेले होते. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या मी टाकल्या नाहीत, त्यात एक वही हाल्यांची आहे. मालव्यात सालगड्याला हाली म्हणतात. दर पानावर एक नाव, त्यापुढे उचल, ज्वारीचे मण, लग्नासाठी दिलेले रुपये, बाकी. वर्षानुवर्षांची बाकी. म्हणजे त्या माणसाचे नाव आमच्या घरात होते. ते खात्यात होते, फोटोमागे नव्हते.

यातच माझ्या आजीचीही गोष्ट आहे. दुसऱ्या एका फोटोत ती नऊवारीत, हातात आरतीचे तबक घेऊन गायीसमोर उभी आहे. वासरू तिच्या पदराला तोंड लावून आहे आणि तिने तो सोडवून घेतलेला नाही. मागे लिहिले आहे: ‘कपिला व वासरू. वसुबारस.’ गाय आणि वासरू ओळखले गेले, सण नोंदला गेला, आजी कुठेच नाही. आजीला जाऊन चाळीस वर्षे झाली. तिला पाहिलेली आमच्या घरात आता तीन माणसे उरली आहेत. तिघेही सत्तरीपुढचे.

आता त्या बैलवाल्याकडे येते.

फोटो मोठा करून घेतला आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर गावी गेले. मुद्दाम दिवाळीनंतर, कारण आपल्या मालव्यात पाडव्याला गुरांची शिंगे रंगवून, अंगावर रंगाचे ठसे उमटवून त्यांची पूजा करतात आणि त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुन्या गुरांच्या गोष्टी आपोआप येतात. जमीन केव्हाच गेली, घर पडले, आम्हाला ओळखणारेही फार कोणी नाही. तीन ओसऱ्यांवर फोटो दाखवला, कुणाला माणूस ओळखता येईना. चौथ्या घरी ऐंशीच्या पुढचे एक आजोबा खाटेवर बसले होते. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. माणसाकडे पाहिलेच नाही. उजव्या बैलाच्या शिंगावर बोट ठेवले. ते शिंग मध्येच आत वळलेले आहे. मालवी बैलाची शिंगे बाहेर जाऊन डौलात वर वळतात, याचे एक तसे नाही. म्हणाले, ‘यो तो धोळ्यो.’ आणि मग बोट सरकवत कडेला नेले, थांबले, आणि अगदी हळू म्हणाले, ‘ने ई म्हारा दाजी.’

‘हा तर धोळ्या, आणि हे माझे दाजी.’ दाजी म्हणजे वडील. फोटो काढला तेव्हा हे जन्मलेही नव्हते. धोळ्याला त्यांनी पाहिले नव्हते. पण वाकड्या शिंगाच्या धोळ्याची गोष्ट घरात सांगितली जात होती: अंधाऱ्या रात्री हाटाहून एकटाच गाडी घेऊन आलेला धोळ्या, गाडीत तापाने फणफणलेले दाजी. बैल ओळखला म्हणून माणूस ओळखला गेला. त्यांनी नाव सांगितले, मी घरी येऊन वही उघडली, आणि ते नाव तिथे होते. उचल चाळीस रुपये, ज्वारी सहा मण.

नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांच्या घरचे आहे, जगासमोर केव्हा आणायचे ते त्यांनी ठरवावे. फोटोमागे मात्र मी ते लिहिले आहे, आजोबांच्या मोडी ओळीखाली, पेन्सिलीने.

त्यांच्या घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. स्वतःचा सगळ्यात जुना फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा, म्हणजे १९९३ नंतर केव्हातरी काढलेला. नव्वद वर्षे तो चेहरा आमच्या ट्रंकेत होता, आणि तीस किलोमीटरवर त्याचा मुलगा त्याच्याशिवाय म्हातारा झाला. मला हे सहन झाले नाही. म्हणून तुम्हाला पत्र.

आमच्यासारखी घरे इंदूरात शेकड्यांनी असतील. होळकरांच्या नोकरीत आलेली, जहागिरी-इनामाची, वकिलीची, सावकारीची, मळे-मोटांची. कॅमेरा आपल्याकडे होता, गावात नव्हता. १९३० च्या दशकात मॅन रेसारख्या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने यशवंतराव आणि संयोगितादेवी होळकरांचे फोटो काढले, ते आज जगभरच्या प्रदर्शनांत झळकतात. त्याच काळातला मालव्याचा शेतकरी, गुराखी, गाडीवान, दुधाचे हंडे घेऊन येणारी बाई, हे सगळे फक्त आपल्या अल्बमांत आहेत. नकळत आलेले, कडेला उभे राहिलेले. दुसरीकडे कुठे ते नाहीत. आपण ज्या संस्थानाचा वारसा सांगतो त्याचा मूळ पुरुष, १६९३ साली होळ गावी जन्मलेला मल्हारराव, धनगराच्या घरातला, मेंढरांमागे फिरलेला. त्याच्या शहरात मेंढपाळाचे नाव फोटोवर नसावे हे मला बरे वाटत नाही.

काही जण म्हणतील, बैलाचे काय एवढे? त्यांना मी माळव्याच्या बाजारात चक्कर मारायला सांगेन. पांढरी-करडी, मानेवर आणि वशिंडावर काळसर झाक असलेली मालवी जोडी आता शोधावी लागते. आगरच्या सरकारी फार्मवर ही जात जपतात. शेतात ट्रॅक्टर आला, काळ्या चिकट मातीत गाडी ओढायला बैल लागेनासा झाला. आपल्या घरची मुले पोळ्याला मातीचे बैल पुजतात. जू, शिवळ, जोते, म्होरकी हे शब्द त्यांना कोण शिकवणार? फोटो शिकवतो. माझ्या त्या फोटोत ओसरीला टेकून ठेवलेले जू आहे, त्यावर सुताराने केलेली नक्षी आहे. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव एका जागी सांधलेली दिसते. देशात १९१९-२० पासून पशुगणना होते आहे. तिच्यातून जनावरे किती होती ते कळते. त्यांना कसे सजवत, कुठे बांधत, कोणाच्या हाताला ती शांत होत, हे अल्बमातच राहिले आहे.

एक गोष्ट सावधपणे सांगायला हवी, कारण यात आपली फसगत होते. जुन्या काचा निळ्या रंगाला फार पटकन आणि लाल रंगाला जवळजवळ कधीच दाद देत नसत. आकाश पांढरेफट, आणि लाल वस्तू काळी. तेव्हा एखाद्या फार जुन्या फोटोत काळा फेटा दिसला तर तो लाल असण्याची शक्यता जास्त. शेजारच्या अल्बमात एक जोडी आहे, अंगावर मोठे काळे-पांढरे चट्टे. घरचे तिला ‘काबरी जोडी’ म्हणत आणि कुठून तरी विलायती बैल आणले असतील असे समजत. ती निमाडी जोडी आहे. निमाडी बैल तांबड्या अंगाचा, त्यावर पांढरे शिंतोडे. तांबडे काळे झाले एवढेच. खरगोन-बडवाणीकडची जात ती. म्हणजे कुणीतरी ही जोडी नर्मदा ओलांडून, घाट चढवून वर मालव्यात आणली. कुणी, कशासाठी, हुंड्यात की हाटातून? आता विचारायला त्या घरात कोणी नाही. दहा वर्षांपूर्वी होते.

मंडळांनो, माझी मागणी साधी आहे. फोटो छापायचा तर अख्खा छापा. पानात बसत नसेल तर लहान छापा, आडवे पान घ्या, नाहीतर छापू नका. कडा कापण्याआधी घरच्या माणसाला विचारा, आणि घरच्यांनीही ‘चालेल’ म्हणण्याआधी कडेला कोण आहे ते पाहा. खाली ओळ लिहिताना चौकटीतल्या प्रत्येक जिवाची नोंद करा. नाव मिळाले तर नाव, न मिळाले तर ‘कासरा धरलेले गृहस्थ, नाव मिळालेले नाही’ असे स्पष्ट लिहा. ‘नोकर’ लिहून जागा भरू नका. नाव नाही असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, शोधावे. ‘नोकर’ लिहिले की शोध तिथेच संपतो.

आणि महिन्यातला एक रविवार, मंडळाची एक खोली, एक साधा स्कॅनर एवढे द्या. लोक अल्बम घेऊन येतील, बसून नक्कल करून घेतील, मूळ फोटो परत घेऊन जातील. मूळ फोटो कुणाकडे मागू नका. लोक त्याला घाबरतात आणि ते बरोबर आहे. फोटोची पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्हींची नक्कल घ्या, कारण अर्धा इतिहास मागे असतो. स्कॅन करताना सहाशे डीपीआयच्या (दर इंचात सहाशे ठिपक्यांच्या) खाली जाऊ नका. मोबाईलने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो आक्रसतो, आणि बैलाच्या गळ्यातली घुंगरे नुसता ठिपका होऊन बसतात.

घरच्यांना थोडे जपणुकीचे. मी हे चुका करून शिकले आहे. आमच्या काकांनी १९८० च्या दशकात सगळे फोटो चिकट पानांच्या, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या अल्बमात लावले. आता तो गोंद पिवळा झाला आहे आणि ओढले तर फोटोचा थर निघतो. ज्यांचे फोटो असे अडकले असतील त्यांनी ओढू नये. आहे तशी पानाचीच नक्कल घ्यावी. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. सेलोटेप लावू नका. मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाची रेघ पुढे उमटते आणि शाई पाझरते. मऊ शिशाची पेन्सिल घ्या, फोटो कडक सपाट जागेवर पालथा ठेवा आणि हलक्या हाताने कडेला लिहा. काचेच्या निगेटिव्ह कुणाकडे असतील तर एकावर एक रचून ठेवू नका, खालच्या तडकतात. उभ्या ठेवा, प्रत्येक काच साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून. चकाकती बाजू काचेची, मंद बाजू फोटोची. मंद बाजूला बोट लावायचे नाही. आणि पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नका. माझ्या आत्याच्या लग्नातली घोडी बुरशीने खाल्ली, फक्त चार पाय आणि बाशिंगाचे टोक उरले आहे.

जुने लोक आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या आठवणी काढतात. एकशेवीसचा रोल, फोटो बाराच. त्या बारांतला एक गायीला, एक कुत्र्याला दिलेला असे, यावरून ती जनावरे घरात काय होती ते कळते. पण ते फोटो १९६० नंतरचे. त्यातली माणसे अजून ओळखता येतात. घाई आहे ती त्याच्या आधीच्या फोटोंची. १९४०-५० मध्ये लहान असलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. तीच शेवटची, जी बोट ठेवून सांगू शकतात. त्यांच्याकडे मोबाईलवरचे चित्र नेऊ नका. छापील नक्कल न्या, चांगली ताटाएवढी. हातात द्या आणि गप्प बसा. आधी माणसाबद्दल विचारू नका, जनावराबद्दल विचारा. धोळ्याने मला हे शिकवले.

गावी जाताना आणखी एक भीती माझ्या मनात होती ती सांगते. हाली आणि मालक, उचल आणि बाकी, हे नाते काही अभिमानाचे नव्हते. त्या आजोबांनी वहीबद्दल विचारले असते तर मी काय सांगणार होते? त्यांनी विचारले नाही, मीच सांगितले. खोटे बोलून फोटो देता आला नसता. ते ऐकत राहिले. मग त्यांच्या सुनेने विचारले, बाकी किती होती. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, आमच्याकडेही अशीच गोष्ट सांगतात, आकडा मात्र आज कळला. रागाने नाही म्हणाली. आम्ही चहा घेतला. वहीच्या त्या पानाचीही नक्कल त्यांनी मागून घेतली, आणि ती द्यायलाच हवी होती. आपल्यातल्या ज्यांना हा प्रसंग नकोसा वाटतो त्यांना मी समजू शकते. तरी जा. फोटोची एक प्रत त्यांच्या घरी पोचवणे हे उपकार नव्हेत, ते त्यांचे येणे आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी माझे दोन अल्बम, हाल्यांची वही, स्कॅनर आणि पेन्सिली घेऊन यायला तयार आहे. अल्बमांत जनावरे असलेले एकतीस फोटो आहेत. त्यांतल्या अकरांमागे आता सगळी नावे आहेत. वसुबारसेच्या फोटोमागे ‘कपिला व वासरू’च्या आधी आजीचे माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे लिहून झाली आहेत. वीस फोटो बाकी आहेत. बहुतेक सांवेर आणि देपालपूरकडचे दिसतात, दोन मात्र घाटाखालचे असावेत. तिकडची गावे माहीत असलेले कुणी आपल्या मंडळात असेल तर त्यांनाही बोलवा. खोली कुठली आणि वेळ काय, ते कळवा.

आपली,
सांवेरच्या त्या ओसरीवरची नात
इंदूर